सावकाश काढलेली सही

"वहिनी, तुम्ही नेमकं विकता तरी काय?"

सोलापुरात नवी पेठेत दुकान चालवलं त्या तीस वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. एका बाजूला साड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला सराफ. त्यांना कुणी असं विचारत नसे. माझ्याकडं मात्र रेडिओचे सांगाडे, जुन्या रेकॉर्डींची खोकी आणि भिंतीवर काचेच्या फ्रेमीत एखादं चिठोरं, त्यावर कुणीतरी काहीतरी खरडलेलं. "सह्या विकते," असं सांगितलं की माणूस आधी माझ्याकडं बघायचा, मग चिठोऱ्याकडं, आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "पोलीस काही म्हणत नाहीत?"

अहो, खोट्या सह्या नाहीत हो, खऱ्या! मोठ्या माणसांच्या! हे समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं खोट्या ओळखण्यात गेलं. त्यातच मी एकदा अशी आपटले, की ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. पण आधी धंदा सांगते, म्हणजे मी कुठं चुकले ते नीट कळेल.

दुकान मूळचं सासऱ्यांचं, रेडिओ दुरुस्तीचं. सासरे गेले तेव्हा आमचे हे शाळेत गणित शिकवत होते. गल्ल्यावर बसायचं म्हणजे त्यांना विद्यार्थ्यांची लाज वाटायची. मला कुणाची लाज वाटणार? मी बसले. रेडिओ दुरुस्त करता येत नव्हता, म्हणून सासऱ्यांनी साठवलेल्या रेकॉर्डी विकायला लागले. त्या विकता विकता लोक आपल्या घरातल्या आणून द्यायला लागले, आणि एक दिवस रेल्वे लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यातलं आख्खं खोकं माझ्याकडं आलं. साहेब कधीचे परदेशी गेलेले, माळा साफ करताना बागेच्या माळ्याला सापडलेलं. सगळ्या इंग्रजी रेकॉर्डी. कव्हरांवर घामेजलेली, गाल फुगवलेली माणसं आणि पितळी वाद्यं. मला वाटलं, आपल्या वरातीतल्या बँडवाल्यांच्याच परदेशातल्या भाऊबंदांच्या असणार.

मी काय केलं? बाईमाणूस करते तेच. ओलं फडकं घेतलं आणि एकेक कव्हर लख्ख पुसून काढलं.

पुढच्या महिन्यात मुंबईहून सोराबशेठ आले. हे पारशी गृहस्थ जुन्या रेकॉर्डींच्या शोधात गावोगाव हिंडायचे. त्यांनी खोकं उपसलं, एक कव्हर उजेडात धरलं आणि मटकन स्टुलावर बसले. कव्हराच्या कोपऱ्यात निळसर ढग होता. त्या ढगातून दोन अक्षरं कशीबशी डोकं वर काढत होती.

"बाई, हे तुमी पुसला?"

"हो. धूळ फार होती."

"अरे देवा! धूळ नव्हती नी, बाई! त्या माणसाची सही होती. तुमी तर सोनं धुऊन टाकला!"

त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली, मग रागच आला. एवढी मोलाची होती तर शाईनं कशाला करायची, म्हणाले मी. तेव्हा चहा घेत घेत सोराबशेठनी मला पहिला धडा दिला, आणि पुढं दरवर्षी येऊन देत राहिले.

जॅझ म्हणजे काय, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. "चाल ठरलेली असते, पण वाजवणारा मधेच सुटतो, आपल्या मनानं फिरतो आणि बरोब्बर घरी येतो."

"म्हणजे आपल्याकडं तान घेतात तसं?"

"हां, तसंच समज. घाम जास्ती."

त्या पुसलेल्या सहीनंच मला शिकवलं की सहीला भाव कशाकशानं येतो. लोकांना वाटतं, माणूस जितका मोठा तितकी सही महाग. तसं नसतं. एखादा वादक जगभर गाजलेला असतो, पण स्वभावानं इतका गोड की कार्यक्रम संपल्यावर दारात उभा राहून शेवटच्या माणसापर्यंत सह्या देणार. त्याच्या सह्या पोत्यानं सापडतात, म्हणून स्वस्त. दुसरा तिरसट, लोकांना हाकलून लावणारा, वर तरुणपणीच गेलेला. त्याच्या चार-दोन सह्या शिल्लक, म्हणून भाव आभाळाला. मला हे फार टोचायचं. चांगुलपणानं माणसाची सही स्वस्त होते, ही काय रीत झाली?

मग सही कशावर आहे ते बघायचं. हॉटेलातल्या कागदी रुमालावरची आणि सहीच्या वहीतून फाडलेल्या पानावरची साधी. फोटोवर असेल तर बरी. त्याच्याच रेकॉर्डच्या कव्हरावर असेल तर चांगली. आणि ज्या कागदावरचे सूर बघून त्यानं त्या दिवशी वाजवलं, त्या नोटेशनच्या कागदावर असेल, तर काय विचारता! पेन्सिलीपेक्षा शाई बरी. अर्ध्या नावापेक्षा पूर्ण नाव बरं. आणि कागदाला डाग, घडी, चिकटपट्टी काहीही नको.

इथं आमच्या एका वकीलसाहेबांची आठवण येते. त्यांच्याकडं एका मोठ्या गायिकेची सही होती, फोटोवर, ठसठशीत. मी म्हटलं, घेऊन या, बघू. दुसऱ्या दिवशी साहेब आले ते हातात चकचकीत फोटो नाचवत. "वहिनी, तुमच्याकडं आणायची म्हणून खास लॅमिनेशन करून आणली!" मी कपाळाला हात लावला. एकदा प्लॅस्टिकमध्ये भाजली की ती सही गेली, बाजारात तिला कुणी हात लावत नाही. आणि आपल्या गावात तर रेशनकार्डापासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेशन करायची हौस! वकीलसाहेब रागावले. पुढं वर्षभर रस्त्यात दिसले की मान फिरवायचे.

सहीबरोबर कुणाचं नाव लिहिलेलं असेल तरी भाव उतरतो. 'वसंतास सप्रेम' असं असेल तर ती सही वसंताची झाली, बाकीच्यांनी ती भिंतीवर लावून काय करायचं? माझ्याकडं खरोखरच अशी एक वसंताची सही पडून होती. एका शहाण्यानं सुचवलं, ब्लेडनं खरवडा तेवढं नाव. मी म्हटलं, थांबा जरा. दाराबाहेर पाटी लावली: 'आपले नाव वसंत असल्यास आत यावे.' आठवडाभर नुसती मजा चालली होती. सराफाच्या दुकानातले लोकसुद्धा वसंत होऊन आले. पण शेवटी एक खरे वसंतराव आले, रिटायर झालेले पोस्टमास्तर, आणि त्यांनी ती सही बाजारभावाच्या दुपटीनं घेतली. वर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सप्रेम काही दिलं." मला वाटलं, चला, आजचा दिवस सत्कारणी लागला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट, सही खरी की खोटी. यात माझा हात धरणारं सोलापुरात कुणी नव्हतं, असं मी म्हणत असे आणि लोकही म्हणत. सोराबशेठनी शेवटच्या खेपेला जाताना आपलं भिंग मला दिलं होतं आणि एक खूण सांगितली होती. आपलं नाव लिहिताना कुणी विचार करत नाही. हात सवयीनं पळतो, रेघ सुसाट जाते, शेवटाला शेपूट बारीक होत हवेत विरते. खोटी सही करणारा मात्र सही लिहीत नाही, तो तिचं चित्र काढतो. सावकाश काढतो. म्हणून रेघ थरथरते, वळणावर पेन थांबतं, शाई साचते, शेपूट बोथट होतं. घाईतली खरी, सावकाशीची खोटी. एवढं एक ध्यानात ठेवलं की दोन मिनिटांत निकाल. मी घड्याळ लावून दोन मिनिटांत द्यायची, आणि त्याचा मला गर्व होता. आहे ते आहे.

सोराबशेठ आणखी एक सांगायचे. "गोष्टीवर जायचं नाय, बाई. सही घेऊन येणारा प्रत्येक जण एक गोष्ट घेऊन येते. तू कागद बघ." हेही मी पाळलं. फारच पाळलं.

एकदा दिवाळीच्या आधी दुकानात पाच माणसं शिरली. पुढं पासष्टी-सत्तरीचा उंच म्हातारा, धोतर, डोक्याला पटका, काखेत कापडात गुंडाळलेली पत्र्याची चपटी पेटी. मागं त्याचा मुलगा आणि त्यांच्या बँडमधले तिघे. वळसंगचे यल्लप्पा मास्तर. ट्रम्पेट वाजवणारे. लग्नसराईत त्यांचा बँड आमच्या रस्त्यावरून जायचा तेव्हा सराफसुद्धा गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा, इतका माणसाचा सूर गोड. मी त्यांना तोंडओळखीनं चांगली ओळखत होते.

मुलगा, मल्लू, म्हणाला, "काकू, एकदाचं सांगून टाका. खरी हाय का खोटी. गावात लोक हसत्यात आमाला."

मास्तरांनी पेटी उघडली. आत नोटेशनचा एक कागद, पिवळा पडलेला, चार घड्यांचा. त्यावर मधोमध सही. नाव वाचलं आणि मी स्टूल पुढं ओढलं. अमेरिकेतला तो ट्रम्पेटवाला, ज्याच्या निळ्या ढगावरून मी धंदा शिकले, तोच! मास्तर त्याला नुसतं 'सायेब' म्हणत, तर आपणही साहेबच म्हणू.

मास्तरांची गोष्ट अशी. विशीत असताना एका गोव्याच्या बँडमास्तरनं त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं आणि मुंबईच्या एका हॉटेलात आपल्या बँडमध्ये नेलं. साहेब दौऱ्यावर आले होते. कार्यक्रम झाल्यावर हॉटेलात जेवायला बसले, बँड ऐकला आणि आपली ट्रम्पेट घेऊन उठले ते थेट मास्तरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोन गाणी वाजवली. जाताना यांच्याच कागदावर सही केली. मास्तर पुढं वडील आजारी पडले म्हणून गावी परतले आणि वरातीत वाजवू लागले. साहेबांची गोष्ट मात्र त्यांनी गावात, बँडमध्ये, सोयऱ्यांत हजार वेळा सांगितली असेल. वळसंगचा यल्लप्पा आणि अमेरिकेचा साहेब, एका स्टेजवर? निम्मा गाव ऐकायचा आणि निम्मा गालात हसायचा.

मी भिंग लावलं. बॉलपेनची निळी शाई, चांगली ताजी. रेघ जाड, थरथरणारी. वळणावळणावर शाईचे गोळे. शेपूट बोथट. खाली हळदीकुंकवाचे डाग. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मास्तर," मी म्हटलं, "ही साहेबांची सही नाही. साहेब जाऊन किती वर्षं झाली, आणि ही शाई तर अलीकडची आहे. कुणीतरी बसून काढलीय. सावकाश."

मास्तर मग म्हणाले, "सावकाशच काढावी लागती की, वैनी. हात..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बँडमधला एक जण फिसकन हसला. मग बाकीचे हसले. मल्लूची मान खाली गेली. आणि मी? मीही हसले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं कबूलच करून टाकलं की! मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. आपण काय बोललो आणि यांनी काय ऐकलं, हे त्यांना तेव्हा कळलं असणार. त्यांनी कागदाची घडी घातली, पेटी बंद केली, आणि "बरं, वैनी" एवढंच बोलून पायरी उतरले.

मी त्या संध्याकाळी ह्यांना ही हकिकत रंगवून सांगितली, हेही लिहून ठेवते. लपवून काय करायचं?

पुढं मल्लू अधूनमधून दुकानात यायचा, जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी बघायला. एकदा मी सहज विचारलं, "मास्तर कसे आहेत?" तर म्हणाला, "हायत. पर त्या दिसापास्नं सायबाचं नाव काढत न्हाईत. ट्रम्पेटबी पेटीत घातली. म्हंतात, दात पडले." मग हातातली रेकॉर्ड खाली ठेवून म्हणाला, "दात काय तवा पडले न्हवते, काकू." मी विषय बदलला. माझा निकाल बरोबर होता ना? खोट्याला खोटं म्हणणं हा माझा धंदा होता. असं मी स्वतःला समजावलं आणि रेकॉर्डींवरची धूळ झटकत बसले. कोरड्या फडक्यानं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. गुडघे बोलायला लागले, मुलगा पुण्यात, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. दुकानातली शेवटची खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी दुकानातल्या हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांची पकड आणि पेचकस, माझं भिंग, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. आणि कपाटाच्या दारावर सासऱ्यांनी दुकान थाटताना स्वतःच्या हातानं लिहिलेला 'श्री' आहे, तो कुंकू तेलात कालवून काडीनं पुन्हा गिरवायचा. सासऱ्यांचं अक्षर पुसट होऊ नये म्हणून. ते गेल्यापासून दरवर्षी मीच गिरवते.

मी गिरवत होते. काडी हळूहळू फिरवत, श्वास धरून, जीभ दातांत. मागं आमचे हे पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. गणिताच्या मास्तरांना गप्प राहवतं होय? म्हणाले, "आता हे बाबांचं अक्षर कुठं राहिलंय? तुझंच झालंय की."

"काहीतरीच तुमचं! बाबांचंच आहे. मी नुसतं सावकाश..."

आणि माझी काडी तिथंच थांबली.

पाटावरचं भिंग मी उचललं, कुंकू लागलेलं तसंच, आणि 'श्री'कडं पाहिलं. रेघ जाड, थरथरणारी. वळणावर कुंकवाचे गोळे. शेवट बोथट. खोट्या सहीची सगळीच्या सगळी लक्षणं. मला कुणी हा 'श्री' दाखवला असता तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं, हा सासऱ्यांचा नाही.

सावकाशच काढावी लागती की, वैनी. हात...

हळदीकुंकवाचे डाग मी पाहिले होते हो! डाग म्हणून पाहिले, भाव पाडणारे डाग. पूजेच्या पाटावर ठेवल्याशिवाय कागदाला हळदकुंकू लागेल कुठनं, हे खुद्द पाटावर भिंग मांडणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही! मी खाली बसले आणि रडले. हे घाबरून पाणी आणायला धावले.

दुसऱ्या दिवशी दसरा. पिशवीत आपट्याची पानं, भिंग आणि शेजारच्या सराफाकडून मागून घेतलेली नोटा तपासायची जांभळी बॅटरी घेतली. कागद खरंच जुना आहे का, ते त्या उजेडात कळतं. सकाळची अक्कलकोट रस्त्याची एसटी धरली आणि वळसंगला उतरले.

मास्तरांचं घर शोधायला लागलं नाही. अंगणात पूजा मांडलेली होती, मल्लूच्या बँडचे ड्रम, सॅक्सोफोन, नवा कीबोर्डसुद्धा. ट्रम्पेट तेवढी नव्हती. मास्तर ओसरीत खाटेवर बसलेले, गाल आत गेलेले, हात कापत होते. मी कोण ते मल्लूनं सांगितलं, तशी त्यांच्या बायकोनं, नागव्वांनी, तोंडावर पदर घेतला. रागानं, हे दिसत होतं.

सोनं देऊन झालं. मी सरळ विषयालाच हात घातला. "मास्तर, ती सही तुम्ही गिरवत होता का? दरवर्षी?"

"दर दसऱ्याला," म्हणाले. "पुसट व्हाय लागली हुती. मूळची लई बारीक हुती, वैनी, फौंटनपेनची. म्हटलं जाया नको. वाद्यांची पूजा झाली की तीबी पाटावर ठेवायची, हळदीकुंकू लावायचं, मग गिरवायची. तितंच सावकाश. आता कागद न्हाई काढत."

"मग तेव्हा दुकानात बोलला का नाहीत?"

"तुमी जाणकार. तुमी न्हाई म्हनला. घरी येताना मलाबी वाटाय लागलं, इतकी वर्सं गिरवून गिरवून सायबाची पुसली आन् माजीच उरली आसंल."

मी पिशवीतनं भिंग काढलं. "कागद आणा," म्हटलं.

नागव्वांनी पेटी आणून माझ्यासमोर जरा जोरातच ठेवली. उजेड फार होता, जांभळी बॅटरी चालेना. तेव्हा मल्लूनं खाटेवरची चादर ओढली, आणि भर सकाळी मास्तर, मल्लू आणि मी, तिघं त्या चादरीखाली डोकी घालून बसलो. बाहेरून नागव्वांचं चाललेलं, "आई गं, म्हातारपणी ह्यो काय खेळ!" अंगणात शेजारी गोळा व्हायला लागले.

मी बॅटरी लावली. कागद चमकला नाही, म्हणजे चांगलाच जुना. पण त्यावरची हळद मात्र अशी झळकली, की मल्लू दचकला. हळद त्या उजेडात पिवळीधमक पेटते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? आणि त्या पिवळ्या उजेडात, सहीच्या खाली, एक काळी बारीक ओळ उभी राहिली. मास्तरांच्या पेननं तिला कधी हात लावलेला नव्हता. उन्हात ती कागदाच्या रंगात मिसळून गेलेली, वर हळदीचा डाग. इथं मात्र अक्षरन् अक्षर स्वच्छ. सुसाट पळालेला हात, हवेत विरलेलं शेपूट. मग मी वरच्या सहीवर भिंग धरलं. जिथं जिथं बॉलपेन वळताना थांबलं होतं, तिथून मूळची बारीक रेघ तशीच घाईनं पुढं निघून गेली होती.

"मल्लू, वाच," मी म्हटलं.

त्यानं एकेक शब्द जुळवला. "फॉर... माय... सेकंड... ट्रम्पेट."

मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "लिवताना त्यो तोंडानं म्हनला हुता आसं. मला विंग्रजी वाचता येत न्हाई, वाटलं, नुस्तं म्हनला आन् खाली रेघ वडली."

मी चादर बाजूला केली. अंगणात दहा-पंधरा माणसं उभी होती. त्यांत त्या दिवशी दुकानात फिसकन हसलेला बँडवालाही होता, आता केस पिकलेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सही खरी आहे. साहेबांचीच आहे. 'माझ्या जोडीच्या दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यासाठी,' असं लिहिलंय, म्हणजे मास्तर त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवत होते, हे साहेबांनी स्वतः लिहून दिलंय. मी चुकले होते. मास्तर, मला माफ करा." आणि वाकून नमस्कार केला.

मल्लूनं डोळे पुसले आणि मग, धंदेवाल्या माणसासारखंच, हळूच विचारलं, "काकू, मग आता हिची किंमत?"

खोटं कशाला बोलू? "कोरी ठेवली असती तर तुझ्या बँडसाठी गाडी आली असती," मी म्हटलं. "आता घड्या, हळद, वरनं गिरवलेली, शिवाय दुसऱ्याला उद्देशून लिहिलेली. बाजारात कुणी घेणार नाही."

"बरं झालं, यव्वा," नागव्वा म्हणाल्या. "न्हाईतर ह्या पोरानं आजच इकली आसती." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

मास्तरांनी ट्रम्पेट आणायला सांगितली. मल्लूनं ती पुसून पाटावर ड्रमच्या शेजारी ठेवली आणि तिच्यापुढं तो कागद. मास्तरांनी हळदकुंकू वाहिलं. मग खिशातून बॉलपेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"वैनी, गिरवायची का न्हाई?"

तीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आले की सहीला हात लावू नका, पुसू नका, भाजू नका, गिरवू नका. जीभ तयारच होती. पण बोलले, "गिरवा मास्तर. दसरा आहे."

त्यांनी पेन टेकवलं. हात इतका हलत होता की टोक कागदावर नुसतं नाचायला लागलं. त्यांनी ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुमीच गिरवा. तुमाला म्हाईत हाय, कुटं कशी वळती."

मी मांडी घातली, चष्मा सारखा केला, आणि साहेबांच्या पहिल्या अक्षरावर पेन ठेवलं. खालच्या ओळीला धक्का लागू दिला नाही. मास्तर शेजारी सरकून बसले आणि त्या पिकल्या केसांच्या बँडवाल्याला सांगायला लागले, "त्यो हितं हुबा, आन् मी त्याच्या डाव्या अंगाला. पयल्या गाण्याला माजं पाय लटालटा कापत हुतं..." अंगणातली माणसं पुढं सरकली. माझा हात थरथरत होता, वळणावर शाई साचत होती. त्यांचं ऐकता ऐकता मी जरा घाई केली असावी, कारण मास्तर मधेच गोष्ट थांबवून माझ्या हाताकडं बघायला लागले.

"सावकाश, वैनी," ते म्हणाले. "ती सावकाशच काढावी लागती."

मग मी सावकाश काढली.